वस्तीतील बुद्धविहार (नागपूर)

नागपुरातील बौद्ध वस्त्यांमध्ये रहिवाशांनी वर्गणीतून उभारलेली आणि स्वतः चालवलेली वास्तू. वंदना हे विहाराचे मूळ काम. पण जातीमुळे ज्या समाजाला पाणवठ्यापासून देवळापर्यंत मज्जाव होता, त्याला कोणाची परवानगी न मागता बसता, बोलता आणि ठराव करता येईल अशी जागा विहाराने दिली. वस्तीच्या जगण्यात त्याचे मोल यामुळेच आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना २२ प्रतिज्ञांसह धम्मदीक्षा दिली. जुने देव आणि श्राद्धविधी सुटल्यावर बारसे, लग्न, पुण्यानुमोदन (मृत्यूनंतरचा बौद्ध विधी) यांसाठी नवी जागा हवी होती. संघटनेची सवय मात्र आधीपासूनची. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास शेजारच्या कामठीचे, आणि जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची अखिल भारतीय परिषद नागपुरातच भरली होती.

विहारात त्रिशरण, पंचशील आणि सामूहिक वंदना होते. आषाढ ते आश्विन पौर्णिमेच्या वर्षावासात रोज ग्रंथवाचन चालते. वाचनाची पाळी घरोघर फिरवली, तर एरवी मागे बसणाऱ्या बाया आणि मुलेही चारचौघांत बोलू लागतात. मोजकेच जाणते लोक वाचत राहिले, तर बाकीचे श्रोतेच उरतात.

अभ्यासिका हा विहाराचा सर्वांत उपयोगी भाग. एका खोलीच्या घरात रात्री अभ्यास होत नाही. टेबल, उजेड, पाणी, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आणि नागपूरचा उन्हाळा निभावणारा कूलर एवढी सोय लागते. किल्ली एकाच पदाधिकाऱ्याकडे असली की तो गावाला गेल्यावर अभ्यासिका बंद पडते. म्हणून किमान दोन किल्ल्या, त्यांतली एक विद्यार्थ्यांकडे, हे बरे.

जाणत्या विहारात कागदपत्रांची मदतही मिळते. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जात व वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर दाखलखारीज (शाळेच्या प्रवेश-नोंदवहीतली) नोंद मिळत नाही. मग मूळ गावचे कोतवाल बुक (गावच्या कोतवालाची जुनी नोंदवही), जन्म-मृत्यू नोंदी आणि महसुली कागद शोधावे लागतात. दहावीच्या आधीच हा शोध सुरू करावा, कारण प्रवेशाच्या ऐन वेळी धावपळ करणाऱ्यांची जागा हातची जाते.

जातीवाचक अपमान झाल्यास १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची अट नाही. तपास साहाय्यक पोलीस आयुक्त वा उपअधीक्षक आणि त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो, आणि आरोपपत्राची मुदत ६० दिवसांची आहे. प्रकरणे अनेकदा पहिल्या फिर्यादीतच कच्ची राहतात: नेमका शब्द, ठिकाण आणि तिथे हजर माणसे लिहिलेली नसतात. अपमान लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी झाला हे दाखवावे लागते. म्हणून ठाण्यात जाण्याआधी विहारात बसून सगळे लिहून काढणे फायद्याचे, मात्र त्यापायी फिर्याद लांबवू नये.

विहार ढेपाळतो तो बहुधा आतूनच. तो केवळ १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमेला उघडला, तर वस्ती त्याला मंडप समजू लागते. जागेचा पट्टा आणि न्यासाची नोंदणी नसेल, तर रस्तारुंदीत किंवा भाऊबंदकीत जागा अडकते. सर्वांत सलणारी गोष्ट दूर ठेवण्याची: दुसऱ्या पोटजातीचे कुटुंब, भाड्याने राहणारे मजूर किंवा छत्तीसगडहून आलेले शेजारी यांच्याकडून वर्गणी घेतात, पण समितीत त्यांना जागा देत नाहीत. बायका स्वयंपाक आणि रांगोळी सांभाळतात, हिशेबाची वही पुरुषांकडे राहते. यावर कामाचा ठरलेला उपाय म्हणजे समितीत निम्म्या स्त्रिया, भाडेकरूंनाही मतदान, दर दोन वर्षांनी पदबदल आणि महिन्याचा जमाखर्च फलकावर.