मासा चावत नाही, पाणी ओढतो

गेल्या महिन्यात भाच्याने व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली. कार्बन फायबरची काठी, पन्नास पौंडी वेणीची दोरी, ‘पाण्यात अदृश्य’ असा शिक्का असलेली फ्लुरोकार्बनची लाइन, करंगळीएवढे गळ आणि लिंबाएवढं लाल-पिवळं तरंड, म्हणजे दोरीला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी खूण. खाली प्रश्न होता, ‘मामा, तरंड नुसतं नाचतंय. हिसका मारला की गळ रिकामा, कणीक गायब. माझं सामान हलकं पडतंय का?’

हलकं नाही रे बाबा, जड पडतंय.

तो बसतो त्या पाझर तलावात रोहू, मृगळ आणि सायप्रिनस आहेत. तिघंही एकाच कुळातले, आणि या कुळाच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात, कल्ल्यांच्या मागे. म्हणजे मासा आमिषाला ‘चावतो’ ही आपली कल्पनाच मुळात चुकीची. पुढच्या तोंडाने चावण्यासारखं त्याच्याकडे काही नाही. तो करतो ते वेगळंच, आणि ते मला इतकं आवडतं की आजचा लेख बराचसा त्याच्यावरच जाणार आहे. काठीबद्दल फार काही मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझ्याकडे चार फुटी काचेच्या टाकीत दोन कोई आहेत. कोई म्हणजे रंगीत सायप्रिनसच. एका रात्री कणकेची हरभऱ्याएवढी गोळी तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला बांधून खाली सोडली आणि मोबाइल स्लो मोशनवर लावला, सेकंदाला २४० चित्रं. मासा गोळीजवळ आला, थांबला. ओठ नळीसारखे पुढे आले, गाल फुगले आणि गोळी अदृश्य झाली. ओठांनी गोळीला हातही लावला नव्हता (माशाला हात नसतात, पण तुम्ही समजून घ्या). तोंड उघडण्यापासून मिटेपर्यंत मोजली तर वीसेक चित्रं, म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. एखादी गोष्ट दिसली की हात हलायला आपल्याला पाव सेकंद लागतो.

झालं असं की माशाने तोंडाची पोकळी एकदम मोठी केली. आतला दाब घटला, बाहेरचं पाणी आत धावलं आणि पाण्याबरोबर गोळीही गेली. पाणी नंतर कल्ल्यांतून बाहेर. शहाळ्यात स्ट्रॉ घालून मलई ओढता, तोच प्रकार.

आता खरी गंमत. ही ओढ किती लांबून चालते? निरांजन हातभर अंतरावरून फुंकर मारून विझवता येतं. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा! फुंकर सरळ झोतात जाते, ओढ मात्र सगळ्या बाजूंनी हवा गोळा करते, म्हणून कुठल्याही एका बाजूला तिचा जोर उरत नाही. पाण्यातही तसंच. तोंडाचं भोक r त्रिज्येचं असेल तर त्यातून आत जाणारं पाणी πr² एवढ्या क्षेत्रातून जातं. तेच पाणी x अंतरावर 4πx² एवढ्या गोलाच्या पृष्ठभागावरून जमा होत असतं. तोंडाच्या व्यासाइतकं लांब गेलो, म्हणजे x = 2r धरला, तर वेग किती उरतो? बरोबर सोळावा भाग. ब्लूगिल नावाच्या अमेरिकी माशाच्या तोंडापुढे पाण्यात बारीक कण सोडून, लेझरच्या प्रकाशात त्यांचा वेग मोजलेला आहे. तिथेही एक व्यास अंतरावर जेमतेम पाच टक्के, म्हणजे विसावा भाग वेग उरतो. शाळेतलं गणित आणि प्रयोगशाळा इतक्या जवळ आले की मला भारी वाटतं.

याचा अर्थ, दीड किलोच्या रोहूचं तोंड दोन सेंटिमीटर उघडलं तर त्याचं राज्य पुढच्या दोन सेंटिमीटरपुरतं. तेवढ्या जागेत, तेवढ्या वेळात आमिष सुटं हलायला हवं. आमिषाला कोणी मागे ओढून धरलं तर पाणी आत जातं आणि आमिष बाहेर राहतं.

मागे ओढणारे दोघे: गळाचं वजन आणि दोरीचा ताठरपणा.

आधी वजन. भाचा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून सूत्र देतो. ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा, मी रागावणार नाही. पाणी एकदम वेग घेतं तेव्हा त्यातला छोटा गोळा पाण्याच्या किती पट वेग घेतो? पाण्याची चिकट ओढ सोडून दिली तर उत्तर आहे 3/(2s+1), इथे s म्हणजे पाण्याच्या तुलनेत गोळ्याची घनता. पाण्याइतकाच जड असेल तर s = 1, उत्तर 1, गोळा पाण्याबरोबर जातो. कणीक साधारण 1.2, उत्तर 0.88. लोखंड 7.8, उत्तर 0.18. शिसं 11.3, उत्तर 0.13. आता एक ग्रॅम कणकेत दशांश ग्रॅमचा गळ लपवा: दोघांचं मिळून 0.83. त्याच कणकेत एक ग्रॅमचा गळ घाला: 0.58. आणि s शून्याकडे नेलात तर? उत्तर 3! हवेचा बुडबुडा पाण्याच्या तिप्पट प्रवेग घेतो. पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा मला वाटलं आपलं चुकलं. चुकलं नव्हतं, कारण बुडबुडा स्वतः हलका असतो पण त्याला ढकलणारा दाबातला फरक मात्र पाण्याचाच असतो.

परिच्छेद ओलांडलेल्यांसाठी: गळ लहान घ्या, आणि कणकेत बुचाचा बारीक चुरा मळा. गोळी गळासकट ग्लासातल्या पाण्यात सोडून बघा. ती दगडासारखी न जाता रमतगमत खाली गेली पाहिजे. गळ विकत घेताना एक गोंधळ होतो तोही सांगतो. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणजे १२ नंबर हा ६ पेक्षा बारीक. ‘बारा नंबर द्या, मोठा मासा आहे’ म्हणून वाद घालणारे मी पाहिले आहेत.

आता दोरी. दुकानात सगळे विचारतात, किती किलोची? दोरीची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून. पण वाकायला ती किती कुरकुरते, ते व्यासाच्या चौथ्या घातावर! 0.18 मिलिमीटरचा तंगूस आणि 0.35 चा तंगूस घ्या. जाड दोरी पावणेचारपट मजबूत, पण चौदापट ताठ. पौंड वाढवताना आपण नकळत आमिषाला तारेच्या टोकावर बसवत असतो. माझ्या टाकीत हेच दिसलं. बारीक तंगुसावरची गोळी सरळ आत गेली. जाड तंगुसावरची गोळी ओठांपर्यंत आली, अडली, बाजूला वळली. कोईने ती तीनदा ओढली, तीनदा सोडली आणि निघून गेला. वर तलावावर तरंड असतं तर काय दिसलं असतं? ते तीनदा नाचलं असतं.

बरं, पाण्यात अदृश्य दोरी? पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचं माप, 1.33, फ्लुरोकार्बनचा 1.42, नायलॉनचा 1.53 च्या आसपास. फ्लुरोकार्बन पाण्याच्या जवळ आहे हे खरं, म्हणून ती कमी दिसते हेही खरं. पण कमी दिसणं म्हणजे अदृश्य होणं नव्हे. आणि आपल्या तलावात पावसाळ्यानंतर वीतभर खाली आपलाच हात दिसत नाही, तिथे कोणापासून लपायचं? शिवाय त्याच जाडीत ही दोरी नायलॉनपेक्षा सहसा ताठ असते. गढूळ पाण्यातल्या रोहूसाठी जास्त पैसे देऊन जास्त ताठ दोरी घेणं हा जाहिरातीचा विजय आहे.

समजा आमिष आत गेलं. तरी काम झालं नाही, कारण हे मासे भयंकर चोखंदळ. त्यांच्या टाळूवर मांसाची एक गादी असते, चवीच्या कळ्यांनी भरलेली. चिखल, खडे, दाणे सगळं एकदम आत घ्यायचं, गादीने दाबून चाचपायचं, खाण्याजोगं ठेवायचं, बाकीचं थुंकायचं. तांदूळ निवडणाऱ्या आजीचं सूप तोंडातच. टोचणारी, जड किंवा दोरीने मागे खेचली जाणारी वस्तू ती गादी लगेच ओळखते. म्हणून तरंड हललं, तुम्ही हिसका मारला, तोवर गळ थुंकून झालेला असतो.

इंग्लंडमध्ये सामन, ट्राउट सोडून गोड्या पाण्यातल्या बाकीच्या माशांना ‘कोर्स’, म्हणजे भरड मासे म्हणतात. नावात साहेबी तुच्छता आहे, पण त्या भरड माशांसाठी तिथल्या लोकांनी केलेला विचार मात्र अतिशय बारीक आहे. तिथलाही हिरो आपल्या सायप्रिनसचाच भाऊबंद, कार्प. १९८० च्या आसपास लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी एक साधी युक्ती काढली. आमिष गळात खुपसायचंच नाही. गळाच्या मागे केसाएवढ्या बारीक धाग्याने लोंबतं ठेवायचं. सुरुवातीला खरोखर माणसाचा केसच वापरला, म्हणून नावही ‘हेअर रिग’. आमिष सुटं हलतं, मोकळेपणी आत जातं, मागोमाग गळ जातो. मासा थुंकायला गेला की उघडा गळ ओठात अडकतो. माशाची थुंकण्याची सवयच त्याच्यावर उलटवली!

आपल्याकडेही कटल्यासाठी हेच तत्त्व फार पूर्वीपासून हातात आहे. कटल्याचं तोंड वर वळलेलं, आणि तो तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्यापुढे पेंडेचा मोठा गोळा लोंबता ठेवतात आणि भोवती अर्धा डझन बारीक गळ मोकळ्या दोऱ्यांवर. गोळा विरघळतो, ढग होतो, कटला तो ढग पितो आणि ढगाबरोबर एखादा गळही. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. तरंडाची खोली त्यावरून ठरवायची. मरळ मात्र या हिशोबात धरू नका. ती शिकारी, दातवाली, तिचं प्रकरण वेगळं.

तरंडाकडे येऊ. लिंबाएवढं तरंड दुरून छान दिसतं, पण ते बुडवायला काय लागतं बघा. पाण्याच्या रेषेशी 2 सेंटिमीटर जाडीचं तरंड आणखी एक सेंटिमीटर खाली न्यायला तीन ग्रॅमहून थोडा जास्त जोर हवा. 4 मिलिमीटर जाडीचा मोरपिसाचा देठ तेवढाच खाली न्यायला फक्त 0.126 ग्रॅम. पंचवीसपट फरक, आणि तो आर्किमिडीजने फुकट दिलेला. गळून पडलेलं पीस मिळालं तर त्याचा देठ कापा, नाही तर ज्वारीच्या ताटाचा बारीक तुकडा. मग शिशाच्या गोळ्या एकेक लावत जा, टोक बोटाच्या पेराएवढंच वर राहीपर्यंत. या गोळ्या दातांनी दाबायची वाईट खोड आपल्याकडे सर्रास दिसते, चिमटा वापरा. राजहंस शिसं गिळून मरू लागले म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ पासून अशा बारीक शिशाच्या गोळ्यांवर बंदी आहे, आणि आपण ते दातांखाली धरतो.

काठावर दोन समजुती हमखास भेटतात. एक, ‘बोलू नका, मासे पळतात.’ हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परत फिरतो, तेव्हा हळू गप्पा मारायला हरकत नाही. पाय मात्र आपटू नका. जमिनीतून जाणारा धक्का थेट पाण्यात उतरतो, आणि या कुळातल्या माशांत पोहण्याच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांचे कान तिखट. दुसरी समजूत चंद्राची. अमुक वाजता ‘चंद्रबळ’ असल्याने मासा लागेल असं सांगणारी ॲप आहेत. त्यांचं मूळ जॉन आल्डन नाइट या अमेरिकी गृहस्थाने १९२६ मध्ये मांडलेल्या कोष्टकांत आहे. चंद्राच्या ओढीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या अवाढव्य ग्रेट लेक्समध्येसुद्धा भरतीचा फरक पाच सेंटिमीटरच्या आत. आपल्या पाझर तलावाला चंद्र काय ओढणार? रात्री उजेड किती यावर माशांचं वागणं बदलत असेल, तो भाग निराळा. पण दुपारी दोनचं चंद्रबळ बघून रजा टाकू नका.

भाच्याला शेवटी उलट यादी पाठवली: 0.18 चा तंगूस, १२ नंबरचे गळ, मोरपिसाचा देठ, शिशाची बारीक पुडी, घरची कणीक, बुचाचा चुरा. काठी आहे तीच. आणि बसण्याआधी तलावाचा ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते विचारून परवानगी घे, हेही लिहिलं.

रविवारी सकाळी सात वाजता त्याचा फोन. कुजबुजत बोलत होता. माझा लेख अजून लिहून व्हायचा होता ना.

‘मामा, तरंड बुडतच नाहीये. उलट वर आलं. आडवं पडायला लागलंय. काय समजायचं?’

‘शिशाची शेवटची गोळी गळापासून किती लांब ठेवलीस?’

‘चार बोटं.’

चार बोटांवर 0.4 ग्रॅमची गोळी, तळाला टेकलेली आमिषाची गोळी आणि तळ चाचपत फिरणारा मृगळ. त्याने आमिष ओढून डोकं वर केलं, त्याबरोबर शिसंही उचललं गेलं. तरंडाच्या बोकांडीवरचं 0.4 ग्रॅम ओझं उतरलं, आणि 0.126 ने भागलं तर देठ तीन सेंटिमीटर वर यायलाच हवा.

हे सगळं मी त्याला सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात पलीकडे काठीचा सूंऽऽ असा आवाज आला.