बंडीला मागून डोळे नसतात

दिवाळी झाली की हिंगणघाटच्या रस्त्याला कापूस लागतो. ट्रॉल्या, मेटाडोर आणि अजूनही काही बैलबंड्या. गेल्या हंगामात एका रात्री फाट्यावर चहा घेता घेता मी तिथे उभी असलेली ट्रॉली मागून नीट पाहिली. ताडपत्रीखाली दाबून भरलेला कापूस हातभर बाहेर आला होता. त्याखाली टेललाइटची जागा होती, लाइट नव्हता, नुसती वायर लोंबत होती. ट्रॅक्टर निघाला आणि पन्नासेक पावलांवर दिसेनासा झाला. आवाज मात्र येत राहिला.

मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो आवाजही येत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने तो सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकतो. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर गेले. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५. डिप्परच्या उजेडात काळपट वस्तू दिसते ती साधारण ४० मीटरवरून. वेग ८० असेल तर थांबायलाच ७० मीटर लागतात. वरून समोरून कुणी अप्पर मारत आला, तर डोळे सावरेपर्यंत काहीच दिसत नाही. अशा धडकेनंतर लोक म्हणतात, ‘पोरगा सुसाट होता’. मला हे अर्धंच खरं वाटतं. त्याला दिसलंच नव्हतं.

बैल समोरून येत असले तर लांबूनच त्यांचे डोळे चमकतात. त्यांच्या बुबुळामागे एक चकाकता पडदा असतो, तो उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतो. रेडियमची पट्टी हेच काम करते. खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंती आणि फरशी जिथे मिळतात तिथे चेंडू मारला, तर तो तिन्हीकडे आपटून आपल्याकडेच वळतो. चांगल्या पट्टीत असे हजारो बारीक कोपरे असतात. त्यामुळे हेडलाइटचा उजेड इकडेतिकडे न जाता चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे परततो आणि ट्रॉली दीडशे मीटरवरूनही ओळखू येते. साधा चकचकीत पत्रा हे करू शकत नाही, तो उजेड भलतीकडेच फेकतो. पट्टी मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी लावायची. शेणचिखलाने ती आंधळी होते, म्हणून माल भरून झाला की ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, आणि ताडपत्री तिच्यावर येऊ द्यायची नाही.

दुसरा धोका दिवसाही असतो, तो रस्त्याच्या कडेला. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि निघून जातं, त्याचा हा खेळ. दोन-तीन पावसाळ्यांत साइडपट्टी खचते. वरून डांबराचा किंवा सिमेंटचा नवा थर चढतो आणि कडेला चार बोटांची, कुठे वीतभर पायरी तयार होते.

समोरून ट्रक आला की दुचाकीवाला खाली उतरतो आणि लगेच हँडल वळवून वर यायला बघतो. दुचाकी तोल सांभाळते तीच मुळी पुढचं चाक सतत थोडं डावी-उजवीकडे सरकवत. पायरीला घासलेलं चाक सरकू शकत नाही, गाडी आडवी होते. चारचाकीचं आणखी वाईट. चाक वर चढत नाही म्हणून चालक स्टिअरिंग आणखी फिरवतो, आणि चढतं त्या क्षणी वळलेली गाडी थेट समोरच्या लेनमध्ये घुसते. खाली गेलात तर खालीच राहा, वेग कमी होऊ द्या, थांबा, मग वर या. मी हे घरातल्या प्रत्येक पोराला सांगतो.

देशात रस्त्यांवर २०२१ मध्ये १,५३,९७२ माणसं गेली, २०२२ मध्ये १,६८,४९१. त्या वर्षीचे सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते, आणि गेलेल्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे. वावरात जायला कशाला हेल्मेट, असं आपण म्हणतो. पण हेल्मेटच्या आतलं थर्माकोल चेपत जातं आणि डोकं थांबायला जास्त वेळ मिळतो. त्याने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के कमी होतो. पट्टा मात्र हनुवटीखाली बांधलेला हवा.

राष्ट्रीय महामार्गावर ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत ५ गंभीर किंवा जीवघेणे अपघात, नाहीतर १० मृत्यू झाले की तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो आणि दुरुस्तीला लागतो. आपल्या जिल्हा मार्गांवर माणसं अशी एका जागी मरत नाहीत. एक या पुलाजवळ, एक त्या धुऱ्याजवळ. ठिपके जुळत नाहीत, म्हणून नकाशावर काहीच उमटत नाही. मला याचा फार राग येतो, कारण उपाय स्वस्त आहे. साइडपट्टीवर मुरूम टाकून रोलरने दाबायचा, आणि नवा थर टाकतानाच त्याची कड उभी न ठेवता उतरती करायची. ग्रामपंचायतीच्या ठरावात ‘रस्ता खराब आहे’ एवढंच लिहून भागत नाही. पायरीला फुटपट्टी लावून फोटो काढा, किलोमीटरचा दगड कितवा ते लिहा, आणि काम पुन्हा निघेल तेव्हा कडेचा उतार कुठे आहे ते ठेकेदाराला तिथेच उभं राहून विचारा.