घोड्यांची आंतरराज्य ने-आण व आरोग्य दाखला : सोलापूर जिल्हा

घोडा, तट्टू, खेचर किंवा गाढव एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना त्याच्या प्रकृतीविषयी जी कागदपत्रे सोबत ठेवावी लागतात, त्यांची ही नोंद आहे. त्यांत मुख्य कागद दोन : पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला आणि रक्ततपासणीचा अहवाल. लसीकरणाची नोंद आणि जनावराची ओळख पटवणारे वर्णन त्यांना जोडलेले असते.

सोलापूरला या विषयाचे महत्त्व जास्त आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढा या तालुक्यांची शीव थेट कर्नाटकाला भिडते. विजयपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 52 आणि हैदराबादकडे जाणारा 65 हे दोन्ही शहरातूनच पुढे जातात. माळशिरस तालुक्यातील अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो आणि त्यासाठी राजस्थान, पंजाब, गुजरातकडून मारवाडी, काठियावाडी आणि नुकरा घोडे येतात. लग्नसराईत वरातीच्या घोड्या सीमेपलीकडच्या गावांत जातात. मेंढरांबरोबर फिरणाऱ्या धनगरांचा संसार भीमथडी तट्टांच्या पाठीवर असतो. त्यांच्या चराईच्या वाटा राज्यांच्या हद्दी ठरण्याच्या फार आधीपासूनच्या आहेत.

कायद्याचा पाया 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम आहे. त्याखालील 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांत घोडावर्गासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. जनावर प्रवासाला धडधाकट आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला सोबत हवा. दाखला नसेल तर वाहतूकदाराने जनावर चढवून घेऊ नये, असे नियम सांगतो. पाठवणारा आणि घेणारा यांची नावे-पत्ते, जनावरांची संख्या व प्रकार आणि सोबतचा चारा-दाणा यांची चिठ्ठी ठळक लाल अक्षरांत लावायची असते. आजारी, आंधळे, लंगडे, थकलेले जनावर आणि गेल्या 72 तासांत व्यालेली घोडी प्रवासाला अपात्र ठरते. दाखल्यावर सही नोंदणीकृत पशुवैद्यकाचीच चालते. तालुक्याच्या ठिकाणी हे काम सहसा पशुधन विकास अधिकारी करतात.

खरी मेख रक्ततपासणीत आहे. डॉक्टर घोड्याचा ताप बघतो, नाक, डोळे, चाल, श्वास तपासतो. ग्लँडर्स हा रोग मात्र या तपासणीतून निसटू शकतो. बर्खोल्डेरिया मॅलिआय या जिवाणूमुळे होणाऱ्या या रोगात नाकातून घट्ट, चिकट स्राव येतो, नाकपुडीत व्रण पडतात, कातडीखाली गाठी येऊन फुटतात. गाढवे आणि खेचरे लवकर खंगतात. घोडा मात्र अनेक महिने वरून ठणठणीत दिसत राहतो आणि पाण्याच्या एकाच हौदातून शेजारच्या जनावरांना रोग देतो. लस नाही. माणसालाही तो होतो आणि जिवावर बेततो, म्हणून बाधित ठरलेल्या घोड्यावर उपचार न करता त्याला वेदनारहित मरण देऊन शास्त्रोक्त विल्हेवाट लावली जाते आणि मालकाला सरकारी भरपाई मिळते. 2006 मध्ये पुणे आणि पाचगणी येथे हा रोग पुन्हा डोके वर काढताना दिसला होता. त्यामुळे महाराष्ट्राला हा धोका परका नाही. बाजारात वा मेळ्यात घोडा न्यायचा असेल तर रक्ताचा अहवाल आधी आणि दाखला नंतर, हाच क्रम योग्य आहे. रक्तजलाची पहिली चाचणी एलायझा पद्धतीने होते, म्हणजे रोगाविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे शोधली जातात. संशय आल्यास हरियाणातील हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात पूरक स्थिरीकरण (कॉम्प्लिमेंट फिक्सेशन) या दुसऱ्या प्रतिपिंड-चाचणीने खात्री केली जाते. यात दिवस मोडतात. गाडी ठरवल्यावर नमुना देणाऱ्याची तारांबळ उडते ती यामुळेच.

घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय चावणाऱ्या घोडमाश्यांमुळे पसरतो आणि त्याचीही रक्तचाचणी होते. अमेरिकेत राज्याची हद्द ओलांडताना या रोगाची ‘कॉगिन्स’ चाचणी हाच कागदपत्रांचा कणा असतो. भारतात तो मान ग्लँडर्सकडे गेला आहे. घोड्यांच्या इन्फ्लुएन्झावर लस आहे. 2008 च्या साथीत तो देशात वेगाने पसरला होता, म्हणून लसीच्या तारखा दाखल्यावर असाव्यात.

अहवाल आणि दाखला त्याच घोड्याचे आहेत हे वर्णनावरून कळते. रंग, लिंग, वय, उंची, कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरेपण, डागणीच्या खुणा आणि केसांचे भोवरे लिहितात. खरेदीदार भोवऱ्यांत शुभाशुभ शोधतो, पण ओळखीसाठीही ते उपयोगी आहेत. सर्वांगी पांढऱ्या नुकऱ्याच्या बाबतीत ‘पांढरा घोडा, वय पाच’ एवढे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. अशा जनावराला मायक्रोचिप आणि तिचा क्रमांक दोन्ही कागदांवर असणे उत्तम.

वाहनाचे नियम थोडक्यात असे : एका मालट्रकमध्ये चार ते सहा जनावरे, प्रत्येकामध्ये बांबूचा आडोसा, तोंड डावीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर, आणि वेग ताशी 35 किलोमीटरपर्यंत. मोटार वाहन नियमांनुसार एका घोड्याला 2.25 चौरस मीटर जागा लागते.

पायी नेल्या जाणाऱ्या जनावरांसाठी 2001 चे वेगळे नियम आहेत आणि त्यांतही पशुवैद्यकाचा दाखला सांगितला आहे. घोड्यासाठी दिवसाला 45 किलोमीटर आणि आठ तास ही मर्यादा आहे. सूर्यास्तानंतर चालवणे आणि नाल नसताना डांबरी रस्त्यावर नेणे मना आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोहळ्याचे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून, म्हणजे कर्नाटकातून, शितोळे सरकारांकडून पायी आळंदीला येतात आणि मग सोहळ्याबरोबर सोलापूर जिल्ह्यात उतरून पुरंदावडे, वाखरी येथील रिंगणांत धावतात. रिंगण संपले की लाखोंच्या गर्दीतले लोक अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. इतक्या माणसांजवळ येणाऱ्या घोड्याची तपासणी इतर कुणाहीपेक्षा काटेकोर असली पाहिजे.

दाखला सही झाल्या दिवसाची प्रकृती सांगतो. बाजारात चार दिवस इतरांच्या शेजारी बांधलेला घोडा परत येताना नव्याने तपासावा, आणि नवा घोडा घरी आल्यावर काही आठवडे वेगळा बांधून त्याची बादली, खरारा आणि मोरखी वेगळी ठेवावी. ग्लँडर्स 2009 च्या संसर्गजन्य पशुरोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. त्यामुळे लक्षणे दिसताच कळवणे बंधनकारक आहे, आणि ते बंधन मालकाइतकेच जनावर ताब्यात असलेल्या माणसावर आणि ग्रामपंचायतीवरही आहे.