करी दखाड : हातातल्या कौशल्याचा कस कसा लावतात

मे महिन्यात भुसावळला दुपारी दोन वाजता संगणकांची खोली थंड ठेवणं हेच एक मोठं काम असतं. कूलर घरघरत होता, पडदे ओढलेले होते आणि १२ मुलं-मुली लिनक्सच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या) सरावाला बसली होती. मी सगळ्यांना एकच काम दिलं होतं: सर्व्हरला, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या संगणकाला, नवी डिस्क जोडा, तिच्यावर वेबसाइटच्या फाइली ठेवा, वेबसाइट सुरू करा. वेळ ४० मिनिटं.

यावल तालुक्यातल्या एका मुलाला आदल्या आठवड्याच्या एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्नांच्या) चाचणीत ५० पैकी ४६ गुण होते. डिस्क जोडायची कमांड चार पर्यायांमध्ये त्याने क्षणात ओळखली होती. रिकाम्या काळ्या स्क्रीनसमोर मात्र तो बराच वेळ नुसता बसून राहिला. पारोळ्याच्या मुलीला त्याच चाचणीत २९ गुण होते. तिने अर्ध्या तासात वेबसाइट उभी केली. शाबासकी देण्याआधी मी तिचं मशीन रीबूट केलं. परत सुरू झालं तेव्हा वेबसाइट गायब. डिस्क तिने जोडली होती, पण एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये तिची नोंद करायची राहिली होती. सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची हे मशीन त्या फाइलमध्ये वाचतं. नोंद नसेल तर डिस्क असून नसल्यासारखी.

त्या दोघांबद्दल ४० मिनिटांत मला जे कळलं ते ५० प्रश्नांतून कळलं नव्हतं. आमच्या अहिराणीत कुणी फार सांगायला लागला की म्हणतात, ‘करी दखाड’. करून दाखव. तंत्रज्ञानाच्या प्रमाणपत्रांच्या परीक्षा गेली काही दशकं याच दिशेने सरकत आहेत, आणि अशी परीक्षा घडवणं हे मोजमापाचं शास्त्र आहे.

बहुपर्यायी प्रश्नांची पद्धत साधारण १९१४-१५च्या सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक केली यांनी पुढे आणली. हेतू चांगला होता. दोन शिक्षकांनी तपासलं तरी गुण तेच यावेत, तपासणाऱ्याच्या मर्जीवर काही राहू नये. शिवाय पद्धत स्वस्त होती, म्हणून जगभर पसरली. पण चार पर्यायांच्या ६० प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी १५ बरोबर येतात. त्याहून खोल अडचण म्हणजे उत्तर समोर दिसत असताना ओळखणं आणि समोर काहीच नसताना आठवून करणं या मनाच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सर्व्हर बंद पडतो तेव्हा तो चार पर्याय देत नाही.

हे आधी जाणवलं डॉक्टरांना. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये एक नवी परीक्षा मांडली. विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातो आणि प्रत्येक ठिकाणी एक काम प्रत्यक्ष करून दाखवतो. पुढे १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी चार पायऱ्या सांगितल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, रोजच्या कामात करतो. एमसीक्यू पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. करून दाखवायची परीक्षा तिसरीपर्यंत नेते. चौथी पायरी नोकरीतच दिसते, तिथवर कुठलीच परीक्षा पोचत नाही.

संगणकाच्या क्षेत्रात नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीने १९९३ मध्ये सीसीआयई ही नेटवर्क तज्ज्ञांची परीक्षा सुरू केली. तिची प्रयोगशाळेतली चाचणी सुरुवातीला दोन दिवस चालायची, पुढे ती आठ तासांच्या एका दिवसावर आली. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीची आरएचसीई ही परीक्षा १९९९ची. रेड हॅटच्या परीक्षांमध्ये केलेली रचना रीबूटनंतरही टिकली पाहिजे अशी अट असते. माझी रीबूटची सवय तिथूनच आली. कुबरनेटीस ही अनेक सर्व्हरांवरचे प्रोग्रॅम सांभाळणारी प्रणाली. तिच्या सीकेए परीक्षेत दोन तासांत १५ ते २० कामं करायची असतात, आणि अधिकृत माहितीपानं उघडून बघायची मुभा असते. मला हे मनापासून पटतं. कामावर कुणी पाठ म्हणून दाखवायला सांगत नाही.

खरं तर आपल्याकडे हे नवीन नाही. टायपिंगच्या परीक्षेत मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांच्या वेगाने टाइप करूनच दाखवावं लागतं. आयटीआयमध्ये फिटरचा जॉब व्हर्नियर लावून मोजतात. लोखंडाचा तुकडा मापात बसला की बसला.

आता घडवण्याकडे येऊ. सुरुवात प्रश्नांपासून होत नाही, कामापासून होते. रोज ते काम करणाऱ्यांना बसवून विचारतात: तुम्ही काय काय करता, किती वेळा करता, आणि चुकलं तर नुकसान किती? कधीतरीच लागणारी पण चुकली तर सगळा डेटा घालवणारी गोष्ट परीक्षेत यायलाच हवी. रोज लागणारी पण कुणालाही जमणारी गोष्ट वगळली तरी चालते. हे न करता तज्ज्ञाने एकट्याने पेपर काढला, तर त्याला जे अवघड वाटतं तेवढंच पेपरात उतरतं.

मग तपासणी, आणि खरी कसोटी इथे आहे. एकच काम दहा रीतींनी करता येतं, म्हणून रस्ता तपासायचा नाही, शेवटची स्थिती तपासायची. त्यासाठी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहितात. ती मशीनमध्ये शिरून बघते आणि गुण देते. माझी पहिली स्क्रिप्ट अगदी साधी होती. प्रश्न होता, ‘फायरवॉलमधून वेबसाइटसाठी पोर्ट ८० उघडा.’ फायरवॉल म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी, आणि पोर्ट म्हणजे आत यायचा क्रमांक दिलेला दरवाजा. स्क्रिप्ट बाहेरून वेबसाइट उघडून बघायची. उघडली की पूर्ण गुण. एका मुलाने फायरवॉलच बंद करून टाकला. वेबसाइट उघडली, पूर्ण गुण मिळाले. किल्ली सापडत नाही म्हणून घराचं दारच काढून ठेवावं, तसा हा प्रकार. नोकरीत असं केलं असतं तर सगळा सर्व्हर उघड्यावर पडला असता. आता स्क्रिप्ट तीन गोष्टी बघते: फायरवॉल चालू आहे, ८० उघडा आहे, आणि जो उघडायला सांगितला नव्हता तो बंदच आहे.

जळगावच्या सराफ बाजारात कस लावताना मी अनेकदा पाहिलं आहे. काळ्या दगडावर दागिना घासतात, सोनेरी रेघ उमटते. पण ती रेघ एकटी काहीच सांगत नाही. शेजारी माहीत असलेल्या शुद्धतेच्या सोन्याची रेघ ओढतात, दोन्हींवर आम्ल लावतात आणि मग नजर ठरवते. तपासणीच्या स्क्रिप्टलाही अशी शेजारची रेघ लागते. बरोबर म्हणून माहीत असलेली आणि मुद्दाम चुकवलेली मशीनं तिच्यापुढे ठेवायची. चुकीच्या मशीनला तिने गुण दिले तर दोष स्क्रिप्टचा.

पास कितीला, हाही प्रश्न आहेच. ३५ किंवा ६० टक्के असा आकडा नुसत्या सवयीने ठरवला तर तो काहीच सांगत नाही. विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९७१ पासूनची रीत अशी: जाणकारांना विचारायचं, ‘काम जेमतेम निभावू शकेल असे १०० जण बसवले तर हे काम कितींना जमेल?’ प्रत्येक कामासाठी सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी काढायची आणि त्यावरून पासाची रेषा ठरवायची. पेपर सोपा असेल तर रेषा आपोआप वर जाते.

या परीक्षांचं एक दुखणं आहे. ६० प्रश्नांच्या जागी १५च कामं मावतात, त्यामुळे एखादं काम नेमकं न येणारं निघालं तर फटका मोठा बसतो. त्यात पहिलं काम अडलं की पुढची चार त्याच्यावर अवलंबून असली, तर एका चुकीची शिक्षा पाचदा होते. म्हणून कामं शक्यतो एकमेकांपासून सुटी ठेवतात.

आणि एक गोष्ट मला फार जिव्हाळ्याची आहे. परीक्षेने जे मोजायचं तेच मोजावं. आमच्याकडे शिरपूर, चोपडा, तळोद्याहून येणाऱ्या मुलांचा हात चांगला चालतो, पण इंग्रजीतला लांबलचक प्रश्न वाचतानाच त्यांची दहा मिनिटं जातात. तिथे आपण लिनक्स मोजत नाही, इंग्रजी मोजतो. मी स्वतः घरून एक ऑनलाइन परीक्षा दिली तेव्हा टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटायला दोन-दोन सेकंद लागत होती. तिथे माझं कौशल्य नाही, माझ्या गावची इंटरनेटची लाइन मोजली जात होती. छोटी वाक्यं, शक्य तिथे मराठीत प्रश्न आणि जवळच्या केंद्रात बसून परीक्षा, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

पारोळ्याची ती मुलगी आता माझ्यासाठी मुद्दाम चुकवलेली मशीनं तयार करते. परवा तिने एक आणलं. एफएसटॅबमध्ये नोंदच नाही. मशीन सुरू झालं की डिस्क जोडणारी एक छोटी स्क्रिप्ट तिने वेगळी लिहून ठेवली होती. रीबूट केलं, वेबसाइट जशीच्या तशी उभी. आम्ही तिघं शिकवणारे अर्धा तास भांडलो. प्रश्नात लिहिलं होतं, ‘रीबूटनंतरही डिस्क जोडलेली राहिली पाहिजे.’ कशी, ते लिहिलं नव्हतं. तिला पूर्ण गुण दिले, आणि पुढच्या बॅचसाठी प्रश्नाची ओळ बदलली.