नगीब अल-रिहानी

नगीब अल-रिहानी (२१ जानेवारी १८८९ – ८ जून १९४९) हा इजिप्तचा नट, नाटककार आणि नाटक कंपनीचा मालक. अरबी विनोदी रंगभूमीचा विषय निघाला की कैरोत पहिलं नाव याचंच घेतात. वडील मूळचे इराकी ख्रिश्चन, आई इजिप्शियन कॉप्ट, म्हणजे तिथल्या जुन्या ख्रिश्चन समाजातली, जन्म कैरोच्या बाब अल-शारिया या जुन्या वस्तीतला. सुरुवातीला बँकेत आणि मग दक्षिणेत नाग हम्मादीच्या साखर कंपनीत कारकुनी केली, पण जीव सगळा नाटकात, त्यामुळे नोकऱ्या काही टिकल्या नाहीत. आणि या कारकुनीचा उपयोग पुढे किती झाला ते त्याचे सिनेमे बघितल्यावरच कळतं.

नाव झालं ते १९१६ मध्ये, किशकिश बे या पात्रामुळे. हा गावाकडचा उमदा, म्हणजे गावचा पाटील, अंगात जुब्बा-कफ्तान, डोक्याला पागोटं, कापूस विकून आलेला पैसा खिशात खुळखुळवत कैरोत येतो, विदेशी नर्तकींवर सगळा उडवतो आणि कानाला खडा लावून गावी परत जातो. पहिल्या महायुद्धाचा काळ, शहरात इंग्रज सैनिक भरलेले, अशात हे भोळं पात्र लोकांनी डोक्यावर घेतलं. पुढे बदी खैरी हा लेखक-कवी जोडीला आला आणि सय्यद दरवेश संगीताला, मग काय, इंग्रजांविरुद्धच्या १९१९ च्या क्रांतीच्या दिवसांत या तिघांची गाणी रस्त्यावर म्हटली जायची.

माझ्या मते रिहानीचं खरं मोठेपण यानंतरचं आहे. चालणारं पात्र हातात असताना त्याने हळूहळू किशकिश सोडला आणि साधा नोकरदार माणूस रंगवायला घेतला. १९३१ चं ‘अल-गिनीह अल-मसरी’ हे एका फ्रेंच नाटकावरून केलेलं, सरळमार्गी मास्तर पैशाच्या जगात बदलत कसा जातो त्याचं, ते तेव्हा चाललं नाही. तरी तो मागे वळला नाही.

सिनेमे त्याने मोजकेच केले, दहाच्या आसपास. ‘सलामा फी खैर’ (१९३७) मध्ये तो दुकानातला शिपाई आहे, मालकाची रोकड बँकेत भरायला निघतो तर बँक बंद, आता एवढे पैसे घरी ठेवायचे कसे म्हणून मोठ्या हॉटेलात जातो आणि तिथे त्याला चक्क राजपुत्र बनून बसावं लागतं, पण आजूबाजूला एवढा थाट असूनही जीव त्या बॅगेतच अडकलेला.

शेवटचा ‘गझल अल-बनात’ (१९४९), दिग्दर्शक अन्वर वगदीचा. यात तो हमाम नावाचा गरीब अरबीचा मास्तर, पाशाच्या (बड्या अमीराच्या) मुलीला, म्हणजे नटी-गायिका लैला मुरादला, शिकवायला जातो. बंगल्यात कपडे बघून नोकरालाच पाशा समजून वाकतो आणि खरा पाशा त्याला माळी वाटतो. पोट धरून हसायला येतं. मग शेवटाकडे मोहम्मद अब्देल वहाब गात असतो, लैला शेजारी बसलेली, आणि कॅमेरा रिहानीच्या तोंडावर येतो, आपलं वय झालंय, ही आपली नाही, हे त्याला त्या क्षणी कळतं आणि डोळे भरून येतात. संवाद एकही नाही. तो घोगरा आवाज, ते वाकडंतिकडं बोलणं, ज्याच्यावर तीस वर्षं लोक हसले ते सगळं बाजूला ठेवून नुसत्या चेहऱ्यावर केलेला हा सीन आहे, अरबी सिनेमात मला याच्या तोडीचा दुसरा माहीत नाही.

हा सिनेमा लागायच्या आधीच टायफसने तो गेला, वय साठ.

कंपनी मात्र बंद पडली नाही. बदी खैरीचा मुलगा आदेल खैरी त्याच्या भूमिका करू लागला. ‘हसन, मोर्कोस आणि कोहेन’, म्हणजे एक मुसलमान, एक ख्रिश्चन आणि एक ज्यू अशा तीन भागीदारांचं नाटक, आज लोक बघतात ते आदेलने केलेलं, कारण इजिप्तमध्ये टीव्ही आला १९६० मध्ये आणि रिहानी रंगमंचावर कसा दिसायचा ते टिपायला त्याच्या काळात टीव्ही नव्हताच.