देहदान आणि अवयवदान: एका श्वासात घेतली जाणारी दोन वेगळी दाने

माझ्या मामांनी साठी उलटल्यावर देहदानाचा अर्ज भरला होता आणि त्याची घडी घातलेली प्रत गोदरेजच्या कपाटात, विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये ठेवली होती. वयाच्या ८२व्या वर्षी एका रात्री झोपेतच ते गेले, तेव्हा घरात जो तो ‘मामांनी अवयवदान केलेले आहे’ असे एकमेकांना सांगत होता आणि मामेभावाने फोनही त्याच समजुतीने केला. पलीकडच्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न विचारला, तो मृत्यू घरी झाला की रुग्णालयात, हा. घरी झाला असे कळल्यावर त्यांनी सांगितले की हृदय, यकृत, मूत्रपिंड यांपैकी काहीही आता घेता येणार नाही; डोळे घेता येतील, आणि देहदान करायचे असेल तर त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाशी स्वतंत्रपणे बोलावे लागेल. मामांनी वीस वर्षे मनाशी बाळगलेली इच्छा नेमकी कोणती होती, हे आम्हांला त्या फोनवर पहिल्यांदा कळले.

आपल्या मागे काय ठेवायचे याचा विचार करताना घर, जमीन, ठेवी यांचा हिशेब बहुतेक जण करतात. शरीराचा विचार करणारे थोडे असतात, आणि जे करतात त्यांच्यापैकीही अनेक जण देहदान आणि अवयवदान ही एकाच गोष्टीची दोन नावे समजतात. या दोन दानांचा हेतू वेगळा आहे, त्यांना लागू होणारे कायदे वेगळे आहेत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांसाठी लागणारा मृत्यूच वेगळा आहे.

अवयवदानापासून सुरुवात करू. मृत्यूनंतरचे अवयवदान भारतात कायदेशीर झाले ते मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ मुळे. त्याआधी, १९६८ साली, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयाचे प्रत्यारोपण करून पाहिले होते आणि जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. परंतु मेंदूचा मृत्यू म्हणजे माणसाचा मृत्यू, ही गोष्ट तेव्हा आपल्या कायद्याला मान्य नव्हती. १९९४च्या कायद्याने ती मान्य केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले.

मेंदूमृत्यू ही कल्पना नीट समजून घेतल्याशिवाय अवयवदान समजत नाही. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला जबर मार लागतो किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव होतो, आणि मेंदूचा जो भाग श्वास चालवतो तो मस्तिष्कस्तंभ कायमचा निकामी होतो. माणूस अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असल्यामुळे छाती वरखाली होत असते, हृदय धडधडत असते, हात लावला तर अंग गरम लागते. पण यंत्र काढले तर तो स्वतःहून एकही श्वास घेऊ शकत नाही. कोमातला माणूस परत येण्याची शक्यता असते, मेंदूमृत माणूस परत येत नाही. कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ ठरलेल्या तपासण्या करते, किमान ६ तासांच्या अंतराने त्याच तपासण्या पुन्हा करते, आणि दोन्ही वेळा निष्कर्ष तोच आला तरच मेंदूमृत्यू जाहीर होतो. या चौघांत प्रत्यारोपण करणारा डॉक्टर नसतो, हे नातेवाइकांना मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण ‘अवयवांसाठी माणूस लवकर मृत ठरवतील’ ही भीती अजून घराघरांत आहे आणि तिला उत्तर न देता केलेले आवाहन कोणाच्याही मनाला भिडत नाही.

हृदय चालू असेपर्यंतच अवयवांना रक्त मिळत राहते, म्हणून हृदय, फुप्फुसे, यकृत, दोन मूत्रपिंडे, स्वादुपिंड आणि लहान आतडे ही दाने सर्वसाधारणपणे मेंदूमृत्यूनंतरच होतात. शरीराबाहेर काढलेले हृदय ४ ते ६ तासांत दुसऱ्या छातीत बसावे लागते. मूत्रपिंड त्याहून बराच अधिक वेळ टिकते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर वाहतूक थांबवून रुग्णवाहिकेला वाट करून दिली जाते, ती याच तासांसाठी. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत आणि अवयव कोणाला जाणार हे त्यांच्याकडील प्रतीक्षायादीवरून ठरते. आपला अवयव अमुक माणसाला मिळावा असे मृताच्या कुटुंबाला सांगता येत नाही. संमती दिल्यानंतर अवयव जिवंत ठेवण्यासाठी होणारा खर्च त्या कुटुंबाकडून घेतला जात नाही. अवयव काढल्यावर शरीर व्यवस्थित शिवून घरच्यांच्या ताब्यात दिले जाते आणि अंत्यसंस्कार नेहमीप्रमाणे होतात.

म्हणजेच अवयवदानाची इच्छा कितीही पक्की असली, तरी ते घडणे बऱ्याच अंशी आपल्या हाती नसते. उतारवयात, दीर्घ आजारानंतर, घरच्या अंथरुणात येणारा मृत्यू आपल्यापैकी बहुतेकांना हवासा वाटतो आणि तसाच येण्याची शक्यताही अधिक असते. अवयवदानाला नेमका तोच चालत नाही.

देहदानाचे उलट आहे. तिथे मृत्यू घरी झाला, हृदय थांबून तास-दोन तास झाले, वय नव्वद होते, यातली कोणतीही गोष्ट अडचणीची ठरत नाही. महाराष्ट्रात त्याला आधार आहे तो १९४९च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाचा. हा कायदा मुळात बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळावेत म्हणून झाला, आणि स्वेच्छेने दिलेल्या देहांनाही त्यात जागा मिळाली. देह महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात जातो, रक्तवाहिन्यांतून फॉर्मलिनसारखी रसायने भरून टिकवला जातो, आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी त्याच्यावर महिनोन्‌महिने शिकतात. अनेक महाविद्यालयांत पहिल्या तासाला विद्यार्थी या देहाचा मान राखण्याची शपथ घेतात. हाताची नस पुस्तकातल्या चित्रात जशी सरळ दिसते तशी ती माणसात नसते, हे त्यांना पहिल्यांदा दाखवणारा शिक्षक म्हणजे हा देह.

इथे भाषेनेही थोडा घोळ केला आहे. ‘शवविच्छेदन’ हा शब्द आपण दोन्हीकडे वापरतो: पोलिसांच्या प्रकरणात मृत्यूचे कारण शोधण्यासाठी होते त्यालाही आणि विद्यार्थी शिकतात त्यालाही. प्रत्यक्षात पहिले झाले असेल तर दुसरे होत नाही. पोस्टमॉर्टेम झालेला, अपघाताच्या किंवा संशयास्पद मृत्यूच्या प्रकरणातला, तसेच एचआयव्ही, कावीळ ब किंवा क यांसारखा संसर्ग असलेला देह महाविद्यालये स्वीकारत नाहीत. अवयव काढलेला देहही सहसा स्वीकारला जात नाही, कारण शिकण्यासाठी तो अखंड हवा असतो. त्यामुळे एकाच माणसाच्या बाबतीत ही दोन्ही दाने पूर्णपणे घडणे जवळजवळ अशक्य असते. अवयवदानाला मात्र पोलीस प्रकरण आड येतेच असे नाही. अपघातातल्या मेंदूमृत व्यक्तीचे अवयव आवश्यक परवानग्या घेऊन काढता येतात आणि पोस्टमॉर्टेम त्याला जोडून करता येते.

दोन्हींच्या मधली जागा नेत्रदानाची आहे. डोळ्याचा पारदर्शक पडदा, म्हणजे नेत्रपटल, हृदय थांबल्यानंतरही ६ तासांपर्यंत घेता येते, म्हणून नेत्रदान घरच्या मृत्यूनंतर होते, आणि नेत्रदानानंतर देहदानही होऊ शकते. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली किंवा मधुमेह असला तरी त्याने अडत नाही. १७ जानेवारी २०१० रोजी पश्चिम बंगालचे माजी मुख्यमंत्री, मार्क्सवादी नेते ज्योती बसू गेले तेव्हा त्यांचे डोळे आणि देह अशी दोन्ही दाने झाली. पुढच्याच महिन्यात, २७ फेब्रुवारीला, मूळचे आपल्या हिंगोलीकडच्या कडोळी गावचे, जनसंघाचे नेते नानाजी देशमुख यांचे चित्रकूटला निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला देण्यात आला. राजकारणात दोन टोकांना उभे असलेले हे दोघेही नव्वदी पार केलेले होते, आणि दोघांनीही आपल्या वयाला साजेसा, घडू शकेल असाच मार्ग निवडून ठेवला होता.

मामांच्या बाबतीत त्या रात्री फोनवरच्या गृहस्थांनी जे सांगितले ते मामींनी एकटीने केले. पंखा बंद केला. पापण्या हलक्या हाताने मिटवल्या. डोक्याखाली दुसरी उशी सरकवली. कापसाच्या दोन घड्या स्वच्छ पाण्यात भिजवून पिळल्या आणि डोळ्यांवर ठेवल्या, आणि नेत्रपेढीचे लोक येईपर्यंत दर थोड्या वेळाने त्या घड्या सुकल्या का, हे त्या बोट लावून पाहत होत्या. ते लोक आले, त्यांनी अर्ध्या तासाच्या आत काम संपवले, आणि चेहऱ्यावर काही झाल्याचे आम्हां कोणाला ओळखूही आले नाही.

देहाचे काम सकाळपर्यंत लांबले, कारण मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देणारा डॉक्टर मिळेपर्यंत महाविद्यालय पुढे हलायला तयार नव्हते. हे नियमाला धरूनच आहे. पण आम्हांला ते आधी कोणी सांगितले नव्हते आणि अर्जाच्या प्रतीवरही त्याचा उल्लेख नव्हता. नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर, आधार कार्डाच्या प्रती, देह नेण्यासाठी गाडी कोण आणणार, सुट्टीच्या दिवशी महाविद्यालयात कोणाशी बोलायचे, या गोष्टी अर्जाच्या पाठीमागेच लिहून ठेवलेल्या असत्या तर मामींना ती रात्र इतकी लांब वाटली नसती. देह स्वीकारल्याचे महाविद्यालयाचे पत्रही मागून घ्यावे लागते, कारण स्मशानभूमीची पावती नसताना मृत्यूच्या नोंदणीसाठी तेच उपयोगी पडते.

खरी कसोटी मात्र त्यानंतर आली. अवयवदानात शरीर परत मिळते, चिता पेटते, तिसऱ्या दिवशी अस्थी सावडल्या जातात, दहाव्याला कावळ्याची वाट पाहता येते. देहदानात घरातून गाडी निघाली की संपले. अस्थी नाहीत, रक्षा नाही. महाविद्यालये सहसा देहावशेष परत देत नाहीत आणि त्यांची विल्हेवाट स्वतःच लावतात. माझ्या मोठ्या मावशीने दहाव्या दिवशी विचारले, ‘मग आता नाशिकला न्यायचे काय?’ आणि तिला उत्तर देणे आम्हांला जमले नाही. देहदानाचा प्रचार करणाऱ्या अनेकांना मी ‘कर्मकांडात अडकू नका’ असे सांगताना ऐकले आहे. मला ते अपुरे वाटते. मावशीला कर्मकांड नको होते, भावाला निरोप द्यायची जागा हवी होती, आणि जो माणूस देहदान करू इच्छितो त्याने ती जागा आपल्या माणसांसाठी आधीच विचार करून ठेवली पाहिजे: घरून निघण्यापूर्वी थोडा वेळ, आवडीचा अभंग, अंगणात लावायचे एखादे झाड, जे ज्याच्या घरी शोभेल ते.

याच कारणाने अवयवदान श्रेष्ठ की देहदान, ही तुलना मला पटत नाही. अवयवदानाने आज प्रतीक्षायादीवर असलेला एक माणूस, कधी सात-आठ माणसे, जगतात. देहदानातून तयार होणारे डॉक्टर पुढे कोणाकोणाला वाचवतील हे कधीच मोजता येणार नाही. निवड करायची ती क्रमाची. माझा स्वतःचा क्रम मी असा लिहिला आहे: मेंदूमृत्यू झाला तर सर्व अवयव आणि त्यानंतर नेहमीचे अंत्यसंस्कार; तसे झाले नाही तर प्रथम डोळे, मग देह; आणि महाविद्यालयाने कोणत्याही कारणाने देह नाकारला तर विद्युतदाहिनी, त्याचा कोणीही अपराध मानू नये. शेवटचे कलम मुद्दाम घातले आहे, कारण वडिलांची इच्छा पूर्ण करता आली नाही हा सल घेऊन जगणारी मुले मी पाहिली आहेत.

हा कागद कुठे ठेवायचा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मृत्युपत्रात तो लिहू नये. आपल्याकडे मृत्युपत्र दिवसकार्य झाल्यावर उघडतात, आणि ज्या इच्छेला ६ तासांची मुदत आहे ती तेराव्या दिवशी वाचून काही साधत नाही. शिवाय देहाची वाटणी ठेवींसारखी वारसांना आदेश देऊन होत नाही. प्रतिज्ञापत्र भरलेले असले, खिशात अवयवदानाचे कार्ड असले, तरी व्यवहारात त्या क्षणी जवळच्या नातेवाइकाची संमती घेतलीच जाते, आणि पत्नी, पती, मुलगा किंवा मुलगी ‘नाही’ म्हणाली तर डॉक्टर पुढे जात नाहीत. अर्जावर दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. त्यांपैकी एक सही अशा माणसाची असावी, जो त्या रात्री घरात असेल आणि ज्याचे बाकीचे ऐकतात.

मामींनी यंदा स्वतःचा अर्ज भरला. नेत्रदान आणि देहदान दोन्हींवर खूण केली, अवयवदानाची प्रतिज्ञाही वेगळी भरली, आणि साक्षीदार म्हणून मावशीला बोलावून घेतले. मावशीने चष्मा पुसून सगळा कागद वाचला, ‘नाशिकचे काय ते इथे लिही’ म्हणाली, मामींनी समासात दोन ओळी लिहिल्या, आणि मग तिने सही केली. प्रत आता विजेच्या बिलांत नाही, स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागे टाचून ठेवली आहे.