साध्या फोनवरचे सामूहिक मेसेज : सीमाभागातून दिसणारी पार्श्वभूमी

पहिला एसएमएस 1992 चा. गावपातळीवर चालवता येतील अशी सॉफ्टवेअरं आली ती 2005 च्या पुढे. त्यातलं फ्रंटलाइनएसएमएस सर्वांत ओळखीचं: लॅपटॉपला केबलने जोडलेला फोन आणि एक सिम, की इंटरनेटशिवाय शेकडो जणांना मेसेज. 2007 मध्ये नायजेरियात मतदानावर नजर ठेवायला नागरिकांनी तेच वापरलं.

बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीकडे, खानापूरच्या जंगलपट्ट्यात बटणांचा फोन अजून वयस्कर माणसांच्या हाती आहे. सरकारी सूचना बहुधा कानडीत, मराठीत ती आपली आपणच पोचवायची. त्यात देवनागरीला जागा कमी. इंग्रजीत एका मेसेजला 160 अक्षरं, देवनागरीत 70, आणि काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘दूधगंगेचं पाणी वाढतंय. नदीकाठच्यांनी जनावरं हलवावीत. शाळेत सोय आहे.’ हा 67 मध्ये बसतो. ‘सदलग्याच्या शाळेत’ म्हटलं की दोन मेसेजचे पैसे.

खरा घाव नियमांनी घातला. जाहिरातींचे मेसेज रोखायला 2011 मध्ये एका सिमवरून दिवसाला आधी 100, मग 200 मेसेजची मर्यादा आली. ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्येकडची माणसं मेसेजवरून पसरलेल्या अफवांमुळे बंगळूर सोडून निघाली, तेव्हा पाचपेक्षा जास्त जणांना एकगठ्ठा मेसेज पाठवायलाच देशभर 15 दिवसांची बंदी झाली. 2018 चे नियम त्याहून खोल गेले. पाठवणारी संस्था, तिचं नाव आणि मेसेजचा मसुदा, सगळं आधी नोंदवायचं. नाव, आकडा भरायला ठेवलेल्या मोकळ्या जागा सोडल्या तर मजकूर ठरल्यापेक्षा वेगळा चालत नाही. 8 मार्च 2021 ला मसुद्यांची तपासणी सुरू झाली आणि बँकांचे ओटीपीच अडकले. लगेच आठवडाभराची सवलत मिळाली.

जाहिरातींचा त्रास खरा होता, नियम हवेच होते. पण बँकेचे मेसेज अडले तर सवलत मिळते. नोंदणीची कागदपत्रं नसलेल्या बचत गटासाठी, तरुण मंडळासाठी कुणी थांबत नाही. पूर काही आधी मसुदा मंजूर करून येत नाही. अशी फुकट सॉफ्टवेअरं आजही आहेत, लॅपटॉपही आहे, पण जास्त मेसेज गेले की जाहिरातबाज समजून सिम बंद होतं.

म्हणून आता ओढा आवाजाकडे आहे. फोन आपोआप उचलून निरोप ऐकवणाऱ्या ॲस्टेरिस्क, फ्रीस्विचसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर नंबर लावून ठेवायचा, लोकांनी फोन करून निरोप ऐकायचा. इथे 70 अक्षरांची अट नाही, आणि वाचता न येणाऱ्या आजीलाही आपल्या बोलीत कळतं. पण फोन तिनेच करायचा. पाणी रात्री चढलं तर तिला उठवायचं काम अजून शेजाऱ्याकडेच आहे.